घरच्या घरी ब्रेकबदल (फक्त पुढचे)

गाडी घेताना घरातल्या सगळ्यांचे मत विचारले जाते. रंग कोणता, सीटकव्हर कसले, मागच्या काचेवर कोणत्या नातवाचे नाव. ब्रेकबद्दल कुणी बोलत नाही. यवतमाळात त्यावाचून फारसे अडतही नाही. इथे ब्रेकचे अर्धे काम हॉर्न करतो आणि उरलेले अर्धे समोरचा माणूस. मात्र वणीकडे जाताना कोळशाच्या ट्रकमागे, किंवा पुसदचा घाट उतरताना, हॉर्नने गाडी थांबत नाही हे एक दिवस कळते. ही मार्गदर्शिका त्याच्या आदल्या दिवसासाठी आहे.

लक्षणे

ब्रेक दाबला की चाकातून कर्कश चिरका आवाज येतो. बऱ्याच पॅडना एक लोखंडी पत्ती असते. पॅड झिजले की ती डिस्कला घासून ओरडते. यावर प्रचलित उपाय म्हणजे गाण्याचा आवाज वाढवणे. तो पॅडचे मटेरियल संपेपर्यंत चालतो, मग लोखंडावर लोखंड घासते आणि डिस्कचाही खर्च वाढतो. नव्या पॅडवर साधारण १० मिलिमीटर मटेरियल असते. ३ उरले की बदलायचे.

साहित्य

चार पॅडचा सेट, जॅक, दोन जॅक स्टँड, व्हील पाना, पान्यांचा सेट, सी-क्लॅम्प, तार, ब्रेक क्लीनर, हातमोजे, मास्क. शिवाय एक शेजारी. त्याला बोलवावे लागत नाही.

पॅड घ्यायला दत्त चौकाच्या बाजूला गेलात की दुकानदार तीन प्रकार दाखवेल: ओरिजनल, डुप्लिकेट आणि 'ओरिजनलच समजा'. तिसऱ्यापासून जपा. घरातले काका सुचवतील, "आता एकाच बाजूचे बदलव, दुसऱ्या बाजूचे कापूस विकला की पाहू." कापसाच्या भावावर ब्रेक सोपवू नयेत. एकच बाजू बदलली तर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते.

कृती

१. वेळ सकाळी सहाची धरा. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. अकरा वाजता पाना हातात धरवत नाही. गाडी रात्रभर उभी असलेली बरी, नुकत्याच चालून आलेल्या गाडीची डिस्क चटका देते.

२. जागा पक्की हवी. आपली काळी माती कापसाला उत्तम, जॅकला नाही. गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली जातो. सिमेंटची फरशी नसेल तर जॅकखाली जाड सागवानी फळी ठेवा. जिल्ह्यात सागाची कमी नाही, पलंगाची फळी काढायची गरज पडू नये.

३. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका, मागच्या चाकांना मागून-पुढून गोटे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. गाडी उचलल्यावर नट सोडायला गेलात तर चाक फिरते आणि नट हसतो.

४. गाडी उचला, लगेच स्टँड लावा. स्टँडऐवजी विटा चालतील का, असे शेजारी विचारेल. चालणार नाहीत. वीट आधी सूचना देऊन फुटत नाही. काढलेले चाकही दाराच्या खालच्या पट्टीखाली आडवे सारून ठेवा.

५. याच सुमारास पुढील संवाद होतो.
"काय झालं भाऊ, पंक्चर हाय का?"
"नाही, ब्रेक बदलतोय."
"घरीच? आमच्या साळ्यानं बी घरीच केलते बापा."
"मग?"
"मंग काय, आता मोटारसायकल वापरते."
काम चालू ठेवा.

६. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचला आणि तारेने बांधा. ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत सोडू नका. जुने पॅड काढण्याआधी फोटो काढा, आणि दुसऱ्या बाजूला आत्ताच हात लावू नका. फोटो समजला नाही तर बघायला तेवढीच बाजू शाबूत असते. आतली काळी पूड फुंकून उडवायची नाही.

७. नवे पॅड जाड असतात, म्हणून बाहेर आलेला पिस्टन मागे सारावा लागतो. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. तेव्हा बॉनेटखालच्या टाकीत ब्रेक ऑइलची पातळी वर येते. कुणी आधीच काठोकाठ भरून ठेवले असेल तर ते सांडते आणि गाडीचा रंग खाते. टाकीवर लक्ष ठेवायचे काम शेजाऱ्याला द्या. तेवढीच शांतता.

८. आता आजोबा वंगणाचा डबा घेऊन येतील. बैलगाडीची चाके कुरकुरू लागली की वंगण लावत, हा त्यांचा अनुभव खरा आहे. पण बैलगाडीत वंगण आसाला लागते आणि थांबवायचे काम बैल करतात. डिस्कवर किंवा पॅडच्या घासणाऱ्या बाजूवर तेलाचा एक थेंबही नको. डबा आदराने घ्या, बाजूला ठेवा.

९. नवे पॅड बसवा, कॅलिपर खाली आणा, बोल्ट नीट आवळा, चाक चढवा. नट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे आवळा; शेवटचा जोर गाडी खाली टेकल्यावर. मग दुसरी बाजू.

१०. गाडी सुरू करण्याआधी ब्रेकचे पेडल पुन्हा पुन्हा दाबा, कडक लागेपर्यंत. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाते. ही पायरी विसरलेल्यांना ती फाटकाशी आठवते. मग ऑइलची पातळी पाहा.

चाचणी

घरचे म्हणतील, पहिली फेरी कळंबच्या चिंतामणीला. जायचेच, पण दुसऱ्या फेरीला. आधी रविवारी सकाळी लोहारा एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर एकट्याने जा. चाळीसच्या वेगावरून हळूहळू दहापर्यंत आणा, थोडे चालू द्या, पुन्हा आणा. पॅड आणि डिस्क एकमेकांना असेच बसतात. पहिले काही दिवस करकचून ब्रेक मारणे टाळा.

पाठ दुसरा : मागचे ब्रेक

बहुतेक लहान गाड्यांना मागे डिस्क नसते, ड्रम असतो. त्यात दोन शू, स्प्रिंगा, ॲडजस्टर आणि हँडब्रेकची केबल एकत्र कुटुंबासारखी एकमेकांना ताणून बसलेली असतात. एकाला हलवले की सगळे बाहेर येतात आणि परत आत जायला कुणी तयार नसते.

कृती: गाडी मिस्त्रीकडे न्यावी. तो पुढची चाके पाहून विचारेल, "हे कोनं केलं?" उत्तर देण्याआधी त्याचा सूर ऐकावा. सूर बरा असेल तर आपले नाव सांगावे. नसेल तर शेजाऱ्याच्या साळ्याचे.