चारही चाकांचा हट्ट
फोर-बाय-फोर गाडी घेतात चिखलासाठी, आणि ४एचमध्ये, म्हणजे चारही चाके ओढतात त्या स्थितीत, ती अडकते मॉलच्या पार्किंगमध्ये. पार्ट-टाइम प्रकारच्या ट्रान्सफर केसला, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीला, दोन्हीकडे वेगवेगळी गती चालू देणारा मधला डिफरन्शियल नसतो. ४एच लावले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच गतीला बांधला जातो. वळणावर मात्र पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचे असते. चिखलात चाके घसरून हा हिशेब मिटवतात. कोरड्या डांबरावर ती सोय नाही. मग शाफ्टांना पीळ बसतो, दात एकमेकांत आवळले जातात आणि लिव्हर २एचकडे, म्हणजे दोन चाकांच्या स्थितीकडे, सरकेनासा होतो.

या टप्प्यावर मालक ताकद लावतो आणि स्कूटर चालवणारे शेजारी ‘गिअरबॉक्स गेला’ असे निदान करतात. खरा उपाय फुकट असल्याने कोणाला पटत नाही: स्टिअरिंग सरळ धरून गाडी आठ-दहा मीटर मागे घ्यावी, लिव्हरवर हलका हात ठेवावा. पीळ सुटला की ‘खट्’ आवाज येतो.

डॅशबोर्डवरचा ४एचचा दिवा कधीकधी खोटे बोलतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवावी. उड्या मारत, अडखळत वळली तर अडकली आहे, मोकळी वळली तर दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा असण्याची शक्यता जास्त. बटणवाल्या गाडीत फ्यूज, कनेक्टर, मग शिफ्ट मोटर तपासावी. लिव्हरवाल्या गाडीत झिजलेले बुश. पुढचे दोन टायर नवे आणि मागचे दोन टकले असतील, तर ४एचमध्ये सरळ रस्त्यावरही पीळ बसतो. ट्रान्सफर केस उघडणे हा शेवटचा उपाय. गॅरेजचे कोटेशन मात्र त्याच्यापासूनच सुरू होते.