मायनस गुरुजी

भिगवणच्या स्टेशन रोडवरच्या टपरीवर जानेवारीत सकाळी सकाळी "आज लई गारठा हाय" असं मोठ्यानं म्हणायची सोय नाही. नवखा माणूस म्हणून जातो. जुनी गिऱ्हाइकं ते ऐकताच आपापले कप उचलून बाकाच्या पार टोकाला सरकतात, कारण कोपऱ्यातली कानटोपी हललेली त्यांनी पाहिलेली असते.

"किती आहे आज?" कानटोपी विचारते.

नवखा मोबाइल काढून बघतो. "दहा."

"दहा. बरं. प्लस का मायनस?"

झालं. यापुढं त्या माणसाची सकाळ त्याची राहत नाही. फ्लेमिंगो बघायला पुण्याहून पहाटे निघालेला असला, तर कुंभारगावला पोचेपर्यंत ऊन वर येतं, नावाडी दुसऱ्या गिऱ्हाइकांना घेऊन गेलेला असतो. गाडीचं दार गोठलं तर काय करायचं, याचं समग्र ज्ञान मात्र त्याला मिळालेलं असतं.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. तोंडावर त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात, पाठीमागं मायनस गुरुजी. २०१८ च्या दिवाळीनंतर ते आणि बाई पोराकडं मिनियापोलिसला गेले. नातू व्हायचा होता. गेले ते गेले, आणि नेमके त्या जगप्रसिद्ध हिवाळ्यात सापडले. उत्तर ध्रुवावरची थंड हवा खाली घसरली आणि ३० जानेवारी २०१९ ला मिनियापोलिसचा पारा फॅरनहाइटमध्ये उणे २८ वर, म्हणजे आपल्या मापानं उणे ३३ वर गेला. त्या दिवशी मिनेसोटात पोस्टानं टपाल वाटणंसुद्धा बंद ठेवलं. "तीस जानेवारी म्हणजे हुतात्मा दिन," गुरुजी सांगतात. "अकरा वाजता मी खिडकीत दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिलो. बाहेर सगळं शहर आधीपासूनच स्तब्ध होतं."

आयुष्यभर त्यांनी फळ्यावर ऋण संख्या शिकवल्या. पोरं विचारायची, "गुरुजी, उणे तीस आंबे कुठं असत्यात?" त्याचं उत्तर त्यांना निवृत्तीनंतर मिळालं. उणे चाळीसला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात, हे ते आजही वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सोडवून दाखवतात: उणे चाळीसातून बत्तीस वजा केले की उणे बहात्तर, गुणिले पाच, भागिले नऊ. उत्तर आलं की पेन असं ठेवतात, जणू ती थंडी त्यांनीच तिथं आणून सोडली.

पण थंडी ही नुसती प्रस्तावना. गुरुजींचा खरा विषय म्हणजे दार. पोराच्या घराला गॅरेज नव्हतं, गाडी उघड्यावर असायची. एका सकाळी गुरुजींनी खिडकीतून पाहिलं, तर पोरगा दाराचा दांडा धरून ओढतोय आणि दार ढिम्म. संध्याकाळी गाडीतल्या हीटरच्या उबेनं दारावरचा बर्फ वितळतो, पाणी दाराच्या रबरात झिरपतं, रात्री त्याचं पुन्हा बर्फ होतं आणि रबर पत्र्याला चिकटून बसतं. जोरात ओढलं तर रबर फाटतं, नाहीतर दांडा हातात येतो. हे त्यांना शेजारच्या एका गोऱ्या आजोबांनी खाणाखुणा करून समजावलं. त्या पाच मिनिटांवर गुरुजींनी पुढं जे शास्त्र उभारलं, त्याचे पाच नियम भिगवणात पाढ्यांसारखे पाठ आहेत.

पहिला: ओढायचं नाही, दाबायचं. बर्फ ठिसूळ असतो. दाराला कडेकडेनं खांदा लावला की आतल्या आत तुटतो. दुसरा: गरम पाणी ओतायचं नाही. काच तडकते आणि ओतलेलं पाणी तिथंच गोठतं. तिसरा: एक दार उघडेना तर बाकीची बघायची, सगळी सारखी चिकटलेली नसतात. चौथा: कुलपात फुंकर मारायची नाही, तोंडाची वाफ आत जाऊन तिचंच बर्फ होतं. पाचवा: दिवाळी झाली की रबराला सिलिकॉनचा फवारा मारून ठेवायचा, म्हणजे पाणी धरत नाही. बर्फ सोडवायचा अल्कोहोलचा वेगळा फवारा मिळतो, पण तो लोक गाडीच्या आत ठेवतात. "म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत," गुरुजी म्हणतात आणि हसायला जागा सोडतात. सगळे हसतात. हसलं नाही तर ते पहिल्या नियमापासून पुन्हा सुरू करतात.

उजनीच्या पाण्याला गोठणं माहीत नाही. भीमेवर धरण झालं, पाणी पसरलं, जुनी गावं, पळसदेवचं देऊळ पाण्याखाली गेलं. भिगवणच्या माणसानं पाण्याचे पुष्कळ प्रकार पाहिले. कडक पाणी तेवढं त्याच्या वाट्याला आलं नाही. इथं गोठतं ते फक्त बर्फाच्या कारखान्यात, चिलापी आणि मरळ पुण्याला पाठवण्यापुरतं. म्हणजे गुरुजींकडं औषध आहे आणि पंचक्रोशीत रोगी नाही. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. गुरुजींनी निरोगी माणसांवरच उपचार सुरू केले.

त्यांचं गाडीत बसणं बघण्यासारखं असतं. बारामतीच्या वडापला ते आले की आधी दारासमोर उभे राहतात, दोन्ही तळवे सपाट ठेवून वरच्या कोपऱ्यात दाबतात, मग मधे, मग खाली. शेवटी कमरेचा एक हलका धक्का. मग दोन बोटांनी दांडा अलगद उचलतात आणि दार उघडल्यावर मान डोलावतात. मे महिन्यात पत्रा तव्यावाणी तापलेला असतो, तेव्हा हेच सगळं ते हाताला उपरणं गुंडाळून करतात. "गुरुजींनी गाडी दाबली का बसलं समजायचं," वडापवाला म्हणतो आणि गिअर टाकतो. पुतण्याच्या लग्नात नवरा-नवरी फुलांनी सजवलेल्या गाडीशी आली, तर गुरुजी मधे पडले. भर उन्हात, चाळीसच्या वर पारा असताना, त्यांनी नवरदेवाला आधी दार दाबायला लावलं. अर्धे झेंडू तिथंच गळाले.

टपरीवर त्यांना एकच तोडीस तोड माणूस आहे, तो बर्फाच्या कारखान्यातला पोरगा. त्याला बर्फाचं कौतुक नाही. "गुरुजी, आम्ही लादी काढताना डबा साध्या पाण्यात बुडवतो. आपसूक सुटती. तुमी गाडीवर चार बादल्या मारा की."

"अरे, तुमच्या बादलीतलं पाणी प्लस पंचवीस. बाहेर मायनस तीस. ते पाणीच लादी होऊन बसेल."

"मग मिठाचं मारा. आमच्या टाकीत मिठाचंच पाणी असतं. डब्यातलं गोठतं, टाकीतलं न्हाय गोठत."

इथं गुरुजी क्षणभर थांबतात, कारण पोरगं बरोबर आहे. मग सावरतात. "तिकडं रस्त्यावर मीठच टाकतात. म्हणून तर गाड्या खालनं गंजून जातात. आणि उणे तीसला साधं मीठही हात टेकतं." पोरगं "आसंल" म्हणतं आणि चहा संपवतं. वाद संपला तरी कोण जिंकलं ते टपरीवर कुणाला कळत नाही.

एकदा कुणीतरी पट्टकादंबांचा विषय काढला. हे हंस तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून थंडीचे चार महिने उजनीच्या काठाला येतात. चहावाला म्हणाला, "पाखरं थंडीला भिऊन मंगोलियातनं भिगवणला येत्यात, आन् आपले गुरुजी भिगवणातनं नेमके थंडीत अमेरिकेला जात्यात." सगळे हसले. गुरुजी म्हणाले, "त्या पाखरांचं पोरगं तिकडं नोकरीला नाही." आणि लगेच दुसऱ्या नियमावर गेले.

चहाचे पैसे गुरुजी कधी देत नाहीत. व्याख्यात्यानं श्रोत्यांना चहा पाजायचा नसतो, असा त्यांचा दंडक आहे आणि ऐकणाऱ्यांनीही तो मान्य केलाय.

गेल्या जानेवारीत एका संध्याकाळी ते टपरीवर बसलेले असताना फोन वाजला. इथले साडेसहा म्हणजे तिकडचे सकाळचे सात. पोराचा व्हिडिओ कॉल. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, त्यांच्या गाण्यांमुळं काही ऐकू येईना, म्हणून गुरुजींनी आवाज पूर्ण वाढवला. पडद्यावर मफलरीत गुंडाळलेलं तोंड, भुवयांवर पांढरी बुरशी धरल्यासारखं काहीतरी.

"आप्पा, दार गोठलंय. आज ऑफिसात मीटिंग आहे. म्हटलं, तुम्हाला दाखवावं."

पोरानं चेष्टेनं दाखवायला फोन केला होता. पण बापानं तो लालभडक झालेला कान बघितला. टोपीतनं एकच कान बाहेर राहिला होता. गुरुजी उठून उभे राहिले.

"टोपी नीट घाल आधी! उघड लवकर ते! ओढ! दोन्ही हातांनी ओढ! हिसका दे!"

पोरानं दांड्याला हात घातला आणि टपरीवर एकच गलका उठला. चहावाला, वडापवाला, मासळीचा हिशेब करत बसलेले दोघं, आणि सगळ्यात वरचा आवाज बर्फाच्या कारखान्यातल्या पोराचा: "गुरुजी, ओढायचं न्हाय!"

मिनियापोलिसमधलं तोंड दचकलं. "कोण आहे तिथं?"

"आवं, दाबा! वरच्या कोपऱ्यात! मग मधे!"

"खांदा लावा, खांदा!"

"पलीकडचं दार बघितलं का? तिसरा नियम!"

फोन हलला, आकाश दिसलं, मग बर्फ, मग बूट. कडाड असा बारीक आवाज आला आणि दार उघडलं. टपरीवर शिट्ट्या झाल्या. पोरगा आत बसला, हसत म्हणाला, "आप्पा, तुम्ही तर ओढ म्हणत होता."

गुरुजी सावकाश खाली बसले. फोन ठेवला. कानटोपी सारखी केली. सगळे त्यांच्याकडं बघत होते आणि कुणीच काही बोलत नव्हतं.

"मुद्दाम म्हणालो," गुरुजी म्हणाले. "बघत होतो, तुमचं पाठांतर कितपत झालंय."

मग खिशात हात घालून त्यांनी शंभराची नोट काढली आणि चहावाल्याला सांगितलं, "सगळ्यांना एकेक दे. बर्फवाल्याला फुल."