नो प्रॉब्लेम, मॅडम

मी भित्री आहे. लिफ्टमधला दिवा नुसता लुकलुकला तरी मी पुढच्या मजल्यावर उतरून जिन्याने जाते. अशा बाईला तिच्या नवऱ्याने सप्टेंबर 2022 मध्ये श्रीलंका दाखवायला नेलं. कारण एकच, तिकडचा रुपया पडला होता. आमच्या ह्यांना हिमालयापेक्षा पडलेल्या किमती बघायला जास्त आवडतात.

9 जुलैला कोलंबोत लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात घुसले आणि त्यांच्या पोहण्याच्या तलावात मनसोक्त डुंबले, हे आमच्या घरात सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. त्यावर सासूबाईंनी सल्ला दिला, "तलावात उतरू नका गं, गर्दी असते." 13 तारखेला राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे लष्करी विमानाने मालदीवला पळाले, तिथून सिंगापूरला, आणि तिथून त्यांनी ईमेलने राजीनामा पाठवला. मी म्हटलं, देशाचा प्रमुख जिथून पळतोय तिथे आपण कशाला जायचं? नवरा गप्प बसला. 2 सप्टेंबरच्या रात्री गोटाबाया परत कोलंबोला उतरले, तेव्हा ह्यांनी मला झोपेतून उठवलं. "बघ, तो स्वतः परत आला!" या युक्तिवादापुढे मी हरले. तिकिटं निघाली.

मग मी बॅग भरली. थालीपीठाची भाजणी, भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे खाकरे, दुधाच्या पावडरीची पाकिटं, मेणबत्त्या, टॉर्च, टॉर्च बंद पडल्यास दुसरा टॉर्च. एप्रिलमध्येच श्रीलंकेने परदेशी कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर केले होते आणि मार्चअखेरीस तिथे दिवसाला तेरा तास वीज जात होती, हे मी वाचलं होतं. भित्री माणसं फार वाचतात.

विमानतळावर शिक्का मारणाऱ्या साहेबांनी माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "नो प्रॉब्लेम, मॅडम. ऑल ओके नाऊ." पैसे बदलून देणारा तेच म्हणाला. हॉटेलात दिवे गेले तेव्हा मेणबत्ती घेऊन आलेला पोरगा अंधारातून तेच म्हणाला. अख्खा देश दिवाळखोरीत निघालेला, आणि ही माणसं डोंबिवलीच्या एका बाईला दिवसभर धीर देत होती. मला लाज वाटायला हवी होती. मी दुसरा टॉर्च काढला.

सिगिरिया पाहिलं. मोठा खडक आहे, पायऱ्या बाराशे, माकडं धीट. कँडीला बुद्धाच्या दाताचं मंदिर पाहिलं. दात दिसत नाही, पेटी दिसते, तीही लांबून.

आता गंपोला. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत हे नाव सापडणार नाही, पण माझी श्रीलंका म्हणजे गंपोलाचा पेट्रोलपंप. आम्हाला कँडीहून नानुओयाला जायचं होतं. तिथून एल्लाला जाणारी निळी रेल्वे चहाच्या मळ्यांमधून जाते, आणि तिचे फोटो पाहूनच मी होकार दिला होता. आमच्या ड्रायव्हरला सगळे 'अय्या' म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. अय्याचा काटा गंपोलाजवळ तळाला टेकला. पेट्रोल तेव्हा मोबाइलवरचा क्यूआर कोड दाखवून मिळायचं. मोटारीला आठवड्याला वीस लिटर, रिक्षाला पाच, मोटारसायकलला चार. अय्याचा कोटा शिल्लक होता. पंपात मात्र पेट्रोल नव्हतं. "बाउझर कमिंग, मॅडम," अय्या म्हणाला. बाउझर म्हणजे टँकर. "किती वेळात?" "नाऊ, नाऊ." तिकडच्या 'नाऊ'ची लांबी मला त्या दिवशी कळली.

आमच्यापुढे रिक्षा, मोटारी, एक रुग्णवाहिका (तिला सोडलं), एक लग्नाला सजवलेली गाडी (तिला नाही सोडलं). मी काच वर करून, दार लॉक करून बसले. रांग, पेट्रोल आणि चिडलेले लोक एकत्र आले की काय होतं, हे मी वाचलेलं होतं. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. गुंडाळी करून लुंगी नेसलेले एक आजोबा. मी डोळे मिटले. आजोबा अय्याला म्हणाले, ते अय्याने मला सांगितलं, "मॅडमना विचार, घाबरल्यात का. जुलैमध्ये मी इथेच तीन रात्री झोपलो होतो, आजची रांग काहीच नाही."

यानंतर रांगेतल्या प्रत्येकाने येऊन मला धीर दिला. एकाने सांगितलं, पेट्रोल तुमच्याच देशाच्या उधारीवर आलंय, तेव्हा तुम्ही तर पाहुण्या. भारताने त्या वर्षी चार अब्ज डॉलरच्या आसपास मदत दिली होती, आणि तिचे आभार मानायला माझ्यापेक्षा घाबरट प्रतिनिधी त्यांना मिळाला नसता. एका तरुणाने माफी मागितली. कशाबद्दल? तर 6 तारखेला आशिया चषकात त्यांनी आपल्याला हरवलं म्हणून. ती स्पर्धा खरं तर श्रीलंकेतच व्हायची होती. देशातल्या गोंधळामुळे ती अमिरातीला हलवली, आणि 11 तारखेला दुबईत पाकिस्तानला हरवून चषक त्यांनीच घेतला. "क्रिकेट नो प्रॉब्लेम, मॅडम. पेट्रोल प्रॉब्लेम."

दुपार झाली. आमची रेल्वे आमच्याशिवाय सुटली. नवरा बोनेटवर बसून त्या तरुणाला सांगत होता, "काल चौघांचं जेवण आमच्या तीनशे रुपयांत झालं, विश्वास बसत नाही!" तरुण हसला. मला मात्र खाली उतरून नवऱ्याला बोनेटवरून ओढावंसं वाटलं. त्या महिन्यात कोलंबोतली खाद्यपदार्थांची महागाई 94.9 टक्के होती. आपल्या एका रुपयाला त्यांचे साडेचार मिळत होते ही आपली मजा. त्यातलाच रुपया पगारात घेऊन भाजी आणायला जाणाऱ्याची कसली मजा? मी काच खाली केली, "गप्प बसा" म्हटलं, आणि त्याचं तोंड बंद करायला भडंगाची पिशवी पुढे केली.

ती पिशवी हाताहाती पुढे गेली. आजोबांनी एक घास घेऊन निकाल दिला, तिखट कमी आहे. शेंगदाण्याची चटणी मान्य झाली. थालीपीठाच्या भाजणीचं काय करायचं यावर चर्चा झाली. कुणीतरी ती नुसतीच तोंडात टाकली, खोकला आला, सगळे हसले. मी दार उघडून बाहेर उभी होते हे मला बऱ्याच वेळाने लक्षात आलं, तेव्हा मी परत आत बसले.

रिक्षातल्या एका बाईच्या मांडीवर मुलगा होता. बॅग उघडी होती, आणि तिचं लक्ष दुधाच्या पावडरीकडे गेलं. तिने काही मागितलं नाही, लगेच मान वळवली. श्रीलंकेत घरोघरी दूध म्हणजे ही पावडरच, बहुतेक बाहेरून येणारी, आणि वर्षभरात तिची किंमत दुपटीच्या वर गेली होती. मी पाकिटं तिच्याकडे दिली. तिने एकच ठेवून घेतलं. "तुम्हाला चहाला लागेल," ती म्हणाली. मग रिक्षाच्या मागून नारिंगी शहाळी काढून माझ्या हातात दिली आणि मी नको म्हणताच चिडली. इतका वेळ सगळ्यांचं 'नो प्रॉब्लेम' ऐकलं होतं, ती एकटी ते म्हणाली नाही.

संध्याकाळी बाउझर आला. टाळ्या वाजल्या. लग्नाच्या गाडीला पहिला नंबर द्यायचं रांगेने एकमताने ठरवलं, पण तोवर नवरदेव दुसऱ्याच कुणाच्या मोटारसायकलवर निघून गेला होता.

एल्लाला आम्ही रस्त्याने, अंधारात पोचलो. नऊ कमानींचा पूल दुसऱ्या दिवशी पाहिला. कमानी नऊ आहेत.

जाताना अय्याने सांगितलं, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात लोकांना 1 कोटी 78 लाख रुपयांवर रोकड सापडली, ती त्यांनी मोजली आणि पोलिसांच्या ताब्यात दिली. त्याच लोकांना मी काच वर करून घाबरले होते. अय्याचा व्यवसाय 2019 च्या ईस्टरच्या बॉम्बस्फोटांत बसला, कोरोनात झोपला, आणि तेव्हा कुठे उठत होता. 2018 मध्ये तिथे 23 लाखांवर पर्यटक आले होते. 2022 च्या अख्ख्या वर्षात सव्वासात लाखही नाहीत, आणि त्यात सर्वांत जास्त आपण भारतीय.

तेव्हा भित्र्या वाचकांनो, एखाद्या देशातली दंगल शमली, विमानं सुरू झाली आणि तिथले लोक 'या' म्हणू लागले की जा. बॅग भरून जा, घाबरत जा. फक्त तिथल्या ड्रायव्हरशी पैशांवरून घासाघीस करू नका, आणि जेवण किती स्वस्त पडलं ते हॉटेलच्या खोलीत, दार लावून बोला.