ओव्हलवर हिमवर्षाव

मुंबईत बर्फ पडत नाही, ही आपली जुनी गैरसोय इन्फ्रारेड फोटोग्राफीवाल्यांनी दूर केली आहे. भिंगावर ७२० नॅनोमीटरचा फिल्टर चढवला, की ओव्हल मैदानाची झाडं पांढरीशुभ्र, आभाळ काळंकुट्ट आणि १८७८ साली बांधून झालेला राजाबाई टॉवर थेट भुताचा वाडा! कारण साधं. हिरवं पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरभरून परतवतं, निळ्या आभाळाकडे तो फारसा नसतोच. म्हणूनच कोडॅकची एरोक्रोम ही इन्फ्रारेड फिल्म तोडून सुकू लागलेल्या फांद्यांखाली लपवलेली लष्करी सामग्री हुडकायला वापरली जाई. आपले कलावंत नेमकं उलट करतात, शहरच लपवतात. धुरकं विरळ होतं, गर्दी लांबलेल्या एक्स्पोजरमध्ये विरघळते आणि पानाची पिचकारी कृष्णधवलात नक्षीकाम ठरते. (महापालिकेने ही युक्ती अजून कशी उचलली नाही?)

पुन्हा हे सगळं फिल्मवर हवं, कारण डिजिटलला म्हणे आत्मा नसतो. मग ती छत्तीस आत्म्यांची गुंडाळी धुऊन, स्कॅन करून, इन्स्टाग्रामवर डिजिटलच होते.

हौस असेल तर लवकर उरकून घ्या. झाडं आहेत तोवरच हा बर्फ पडणार आहे.