ऐंशीला थांबलेली बॅटरी

लॅपटॉप कायम चार्जिंगला लावून ठेवला तर बॅटरी खराब होते का, या विषयावर मत नसलेला मराठी माणूस मिळणं अवघड आहे. एक पंथ म्हणतो, पूर्ण उतरू द्यावी, मगच लावावी. दुसरा म्हणतो, बॅटरी कधी उतरूच देऊ नये. तिसरा शंभर झाले की धावत जाऊन प्लग उपटतो. हे तिघेही शहाणे आहेत, फक्त प्रत्येकाचा शहाणपणा वेगळ्या बॅटरीचा आहे. पहिल्याचा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. तिला वारंवार अर्धवट उतरवून भरलं की पुढे ती तेवढंच काम करायची, म्हणून अधूनमधून पूर्ण रिकामी करणं शहाणपणाचं होतं. दुसऱ्याने आपलं शिक्षण घरच्या इन्व्हर्टरवर पूर्ण केलं. डिस्टिल्ड वॉटर पिणारी ती शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात, त्यामुळे तिला भरलेलं ठेवणं हेच पथ्य. लॅपटॉपमध्ये मात्र लिथियम-आयन आहे. ती सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, म्हणजे तिलाही आता तिशी उलटून गेली, तरी आपण तिला तिच्या दोन सावत्र आज्यांची पथ्यं पाळायला लावतो. मतं वडिलोपार्जित असली की रसायन बदललं तरी ती बदलत नाहीत.

तिसरा पंथ सत्याच्या सर्वांत जवळ आहे, पण भलत्या कारणासाठी. त्याला वाटतं, वीज आत शिरत राहते आणि बॅटरी उतू जाते. तसं होत नाही. बॅटरी भरली की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं आणि लॅपटॉप अ‍ॅडाप्टरच्या विजेवर चालू लागतो. याच आधारावर चौथा, इंजिनीअर झालेल्या भाच्यांचा पंथ 'काही होत नाही, लावून ठेवा' असा निर्वाळा देतो. तोही अर्धाच खरा. वीज शिरायची थांबली तरी बॅटरी भरलेली राहते, आणि लिथियमला नेमकं तेच सोसत नाही. पूर्ण भरलेल्या नेहमीच्या सेलचा व्होल्टेज ४.२ असतो. त्या दाबाखाली आतला द्रव हळूहळू विघटित होत राहतो, ग्राफाइटवरचा थर जाड होत जातो आणि कामाचा लिथियम त्यात अडकून पडतो. उष्णता मिळाली की हे सगळं जोरात चालतं. या विषयात नेहमी दिले जाणारे ढोबळ आकडे असे: २५ अंशांत वर्षभर नुसती पडून राहिली, तर पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे २० टक्के क्षमता गमावते, ४० टक्के भरलेली जेमतेम ४. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे ३५ आणि १५ होतात. आता चंद्रपुरातला मे महिना, त्यात गादीवर ठेवलेला, हवेची भोकं चादरीने बुजलेला लॅपटॉप डोळ्यांसमोर आणा. काही बॅटऱ्या पुढे आत वायू धरून फुगतात. आधी टचपॅडचं क्लिक होईनासं होतं, मग टेबलावर ठेवलेला लॅपटॉप एका कोपऱ्यावर डुगडुगतो आणि झाकण मिटलं तरी कडेला फट राहते. इथवर आलं की मतं बाजूला ठेवून चार्जर काढावा आणि दुरुस्तीवाला गाठावा.

तेव्हा उत्तर असं: होते, सावकाश होते, आणि दोष प्लगचा नसून भरलेपणाचा व उष्णतेचा आहे. उपायही सोपा आहे. बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय असते. एकदा ती चालू केली की प्लग खुशाल लावून ठेवावा. अडचण विज्ञानाची नाहीच, ऐंशीची आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी आपल्या घरांत 'ऐंशी टक्के' कसं उच्चारलं जातं ते आठवा. आधी 'बरे आहेत', मग आवाज खाली आणून 'गणितात गेले हो', आणि पेढे पाव किलो. 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आल्यापासून तर ऐंशी म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय. चित्रकलेच्या इंटरमिजिएटचे, खेळाचे, लोककलेचे वाढीव गुण मिळवून शंभर टक्के गाठणाऱ्यांची दरवर्षी यादी लागते, तीत लातूर विभाग ठळक दिसतो आणि उरलेला महाराष्ट्र आपापल्या पोराकडे बघून उसासा टाकतो. मी स्वतःला विवेकवादी म्हणवतो, वर दिलेले आकडे मला पाठ आहेत, तरी स्क्रीनच्या कोपऱ्यात ऐंशीवर थबकलेला आकडा पाहिला की 'उरलेले वीस कुठे गेले?' असं त्या यंत्राला खडसावून विचारावंसं वाटतं. शंभर दिसले की छाती फुगते, जणू चार्जिंग मी केलंय. सतत शंभरावर ताणून धरलं की आतून झीज लवकर होते, हे यंत्राच्या बाबतीत आपण एका सेटिंगने मान्य करून टाकलं. पंधरा वर्षांच्या पोरांना तेवढी सवलत अजून कुणी दिलेली नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की मग रोज बॅटरीवरच चालवावा. पण वापरानेही ती झिजते. शंभर टक्क्यांइतका वापर झाला, मग तो एका बैठकीत होवो की चार दिवसांत, की एक फेरी भरते आणि फेऱ्या मोजक्याच असतात. घरी टेबलावर बसून त्या उधळण्यात शौर्य नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा: एवढी मनधरणी कशाला, खराब झाली तर नवी टाकू. इथे मात्र माझा विनोद आटतो. पूर्वी लॅपटॉप उलटा करून दोन खिट्ट्या सरकवल्या की बॅटरी हातात यायची. आता अनेक लॅपटॉपांत ती आतच असते, काहींत गोंदाने चिकटवलेली. धडधाकट यंत्र एका भागापायी भंगारात जातं आणि 'नवीनच घ्या ना' हे वाक्य आपल्याला सल्ला म्हणून ऐकवलं जातं. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला, की अशा उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्याला स्वतः काढता यायला हवी. तो फेब्रुवारी २०२७ पासून लागू व्हायचा आहे. लिथियम-आयन बॅटरीच्या संशोधनासाठी २०१९ चं नोबेल वाटून घेणाऱ्या तिघांपैकी जॉन गुडइनफ यांना ते सत्त्याण्णवाव्या वर्षी मिळालं आणि वयाची शंभरी ओलांडून २०२३ मध्ये ते वारले. त्यांना शंभर मानवले, त्यांच्या बॅटरीला मानवत नाहीत, आणि तिला गोंदाने चिकटवणाऱ्यांना याचं काही सोयरसुतक नाही.

राहता राहिला खेड्यापाड्यांतला प्रश्न, आणि तो सर्वांत रास्त आहे: जिथे वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही, तिथे ऐंशीवर थांबणं म्हणजे चैन. बरोबर आहे. बॅटरी वापरासाठी असते, जपून ठेवण्यासाठी नव्हे. देखभाल-दुरुस्तीसाठी वीजपुरवठा बंद राहणार असा मेसेज आला, आभाळ भरून आलं किंवा सकाळी एसटीने लांब जायचं असलं, की आदल्या रात्री ती मर्यादा काढून टाकावी आणि शंभर होऊ द्यावेत. एका रात्रीने काही बिघडत नाही. वीज आल्यावर मर्यादा पुन्हा लावायची आठवण मात्र घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगावी. शंभर पाहिलेल्या माणसाच्या हातून ते काम होत नाही.