सांताक्रूझ किती?

मुंबईत पाऊस पडतो सगळ्यांवर, पण असतो तो ठरावीक लोकांचा. विलेपार्ल्याच्या आमच्या सोसायटीत तो पहिल्या मजल्यावरच्या पाऊसकाकांचा आहे. त्यांचं खरं नाव खाली टपालपेटीवर लिहिलेलं आहे, पण दमट हवेनं पेटीला गंज चढला आणि आता तेही वाचता येत नाही.

बँकेतून निवृत्त झालेले काका दर जूनला पुन्हा कामावर रुजू होतात. सकाळी ठीक साडेआठला गच्चीवर. पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ मोजतात, मध्यरात्रीशी त्याचा संबंध नाही, हे आम्हा सगळ्यांना त्यांच्यामुळेच कळलं. टाकीशेजारच्या पर्जन्यमापकातलं पाणी ते मोजपात्रात ओततात, डोळ्यांच्या रेषेत धरतात आणि जुन्या सवयीने दोनदा तपासून वहीत चढवतात. त्यांच्यासमोर 'खूप पाऊस' असं म्हणायची सोय नाही. 64.5 मिलिमीटरच्या आत असेल तर तो नुसता 'पडतोय'. त्यापुढे 'मुसळधार', 115.6 पासून 'अतिमुसळधार', आणि 204.4 ओलांडला की काका चष्मा पुसतात. मिलन सबवेच्या तोंडाशी मांडीभर पाण्यात उभ्या असलेल्या एका गृहस्थांना त्यांनी एकदा वरून ओरडून समजावलं होतं, "घाबरू नका हो, अजून अतिमुसळधार झालेला नाही!"

मुंबईच्या पावसाचे आकडे दोन ठिकाणांहून येतात, कुलाबा आणि सांताक्रूझ. काका अर्थातच सांताक्रूझचे. सांताक्रूझला जास्त पडला की त्या दिवशी त्यांच्याकडे येणाऱ्याला भजी मिळतात. कुलाब्याला जास्त पडला तर चहासुद्धा उशिरा येतो. "कुलाब्याची वेधशाळा 1826 ची आहे, मान्य," ते म्हणतात, "पण वय झालं म्हणून पाऊस थोडाच जास्त पडतो?" दक्षिण मुंबईत राहणारे त्यांचे व्याही आहेत. दोघांमधलं संभाषण पावसाळाभर आकड्यांत चालतं. सूनबाईंची चौकशी ऑक्टोबरात होते.

एवढं ज्ञान घरात असून त्याचा उपयोग काय, हा प्रश्न काकूंनी कधीच विचारायचं सोडलं आहे. त्यांची वेधशाळा स्वयंपाकघरात असते. मिठाला पाणी सुटलं, काड्यापेटी सादळली, कपाटाचं दार फुगून बसेनासं झालं, की त्या हॉलमध्ये सोफ्यावरून थेट टीव्हीपर्यंत दोरी बांधून मोकळ्या होतात. मग जुलैभर बातम्या दोन बनियनांच्या फटीतून बघायच्या. तरी माणसाला आशा असते.

"अहो, जरा उजाडल्यासारखं वाटतंय. कपडे गॅलरीत घालू का?"

"किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा आहे."

"म्हणजे घालू ना?"

"पट्टा सक्रिय आहे."

"मी चादरीबद्दल विचारतेय."

काकूंनी चादर घातली. पाऊस आला. काका गॅलरीच्या दारात उभे राहून म्हणाले, "सांगत होतो." चादर काढायला मात्र काकूच धावल्या, कारण काकांचं लक्ष घड्याळाकडे होतं. सर किती वाजता सुरू झाली याची नोंद हवी.

फ्रिजवर देवाच्या तसबिरीखाली भरतीचं वेळापत्रक चिकटवलेलं असतं. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मोठी सर एकाच तासाला आली, की समुद्र नाल्यांचं पाणी घेत नाही आणि शहर तुंबतं, हे ते लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसालाही समजावतात. मान हलवण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. स्वतःला ते पक्के शास्त्रीय समजतात. नक्षत्राचं वाहन बेडूक की मेंढा, असल्या गोष्टी त्यांच्या मते भोळसटपणा. पण आर्द्रा निघायच्या आदल्या दिवशी पंचांग त्यांच्या उशीखाली असतं, हे काकूंनी आम्हाला सांगितलेलं आहे.

आता त्यांच्या दुखऱ्या जागेकडे. 26 जुलै 2005. चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर, कुलाब्याला शंभरही नाही. सांताक्रूझचा एवढा देदीप्यमान विजय पुन्हा होणे नाही. त्या दिवशी इथे असलेल्या प्रत्येकाकडे एक गोष्ट आहे. कोणी रुळांवरून चालत घरी पोचला, कोणी बसच्या टपावर रात्र काढली, कोणाला अनोळखी घरात खिचडी मिळाली. सोसायटीतला दुधवालासुद्धा त्या रात्रीवर अर्धा तास बोलतो. काका गप्प असतात. कारण त्या दिवशी काका पुण्यात होते, साडूच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. साडूला आता स्वच्छ दिसतं. काकांना मात्र साडू नजरेसमोर नको असतो. पर्जन्यमापक त्यानंतर आला, वहीसुद्धा त्यानंतरची. तेव्हापासून पावसाळ्यात काकांनी मुंबई सोडलेली नाही. लग्नं, मुंजी, एक बारसं, सगळीकडे काकू एकट्या जाऊन आल्या.

म्हणून गेल्या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, ते मुलीकडे दुबईला गेले तेही हिशेब करून. मान्सूनची मुंबईतली नेहमीची तारीख 11 जून, परतीचं तिकीट 5 जूनचं. आणि मान्सून 26 मेलाच दाखल झाला! 1950 पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आलेला नव्हता. शिवाय मे महिन्याच्या पावसाचा 1918 चा विक्रम मोडला, आणि तो कोणी मोडला, तर कुलाब्याने. दुबईहून व्हिडिओ कॉलवर त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तिथला मोठा पाऊसही आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पडून गेला होता.

पण नशीब अगदीच वाईट नव्हतं. मेअखेरीस मान्सून जो रुसून बसला तो जूनच्या मध्यापर्यंत. 5 जूनला टॅक्सीतून उतरताना काकांनी कोरड्या रस्त्यावर बूट आपटला आणि वॉचमनला विचारलं, "कुठे आहे तुमचा मान्सून?" त्यांच्या वहीत त्या वर्षीच्या आगमनाची तारीख जूनच्या मध्याची आहे. 26 मेपुढे एकच शब्द: 'वळीव'.

त्या वळिवात दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीची स्कूटर सीटपर्यंत बुडाली होती. वही वाचून ती म्हणाली, "काका, विम्याच्या फॉर्मवर मी मान्सून लिहिलंय हां."

"लिही बाळा," काका म्हणाले, "पण साक्षीला मला बोलावू नकोस."