आगोटीचा सर्व्हर

ज्या गावाचे नाव रेल्वेच्या नकाशात असते, परंतु ज्याच्या फलाटाकडे कोकणात धावणाऱ्या एक्स्प्रेस गाड्या ढुंकूनही पाहत नाहीत, अशा गावच्या रहिवाशाच्या अंगी एक प्रकारची स्थितप्रज्ञता आपोआप बाणते. पनवेल-रोहे मार्गावर आपटे आणि हमरापूर या स्थानकांच्या मध्ये असलेले आमचे जिते हे असे गाव आहे. त्यामुळे जगातील बहुतेक वेगवान वस्तू आपल्या दारावरून पुढे निघून जाण्यासाठीच निर्माण झालेल्या असून आपल्या वाट्याला दिवा-रोहे गाडी आहे, आणि तीही तिच्या सोयीने, ही गोष्ट आम्हांस मिसरूड फुटण्याआधीच उमजते. मुंबई-गोवा महामार्गही येथूनच जातो. त्याच्या पनवेल ते इंदापूर या टप्प्याच्या रुंदीकरणास २०११ साली प्रारंभ झाला आणि तेव्हापासून खोदकाम हा या पट्ट्याचा स्थायीभाव होऊन बसला. जेथे पोकलेन चालते तेथे जमिनीखालच्या इंटरनेटच्या तारेचे आयुष्य ईश्वराधीन असते. आणि तारच ईश्वराधीन असल्यावर, त्या तारेवर पोट भरणाऱ्याने कोणाच्या अधीन व्हावे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

माझे पोट रूबी नामक संगणकभाषेवर चालते. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी ती १९९३ साली योजिली आणि १९९५ साली लोकांच्या हाती दिली. आपल्याकडे तिचा बोलबाला एवढा झाला की २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन वर्षे भारतातील रूबी परिषद पुण्यास भरली, आणि त्यापुढच्या वर्षी, विद्वानांस समुद्राची ओढ लागली म्हणून असेल, ती गोव्यास गेली. या भाषेत काम करणाऱ्यांचा आद्य धर्म असा की, जे दुसऱ्याने लिहून ठेवले आहे ते आपण पुन्हा लिहू नये. चित्राचा आकार लहान करणे असो, परवलीचा शब्द गुप्त राखणे असो, प्रत्येक कामाचा तयार गठ्ठा कोणा ना कोणा परोपकारी मनुष्याने बांधून ठेवलेला असतो आणि त्यास जेम म्हणतात. २००३ साली अमेरिकेत ऑस्टिन येथील परिषदेच्या वेळी काही मंडळींनी या गठ्ठ्यांच्या ने-आणीची व्यवस्था बसवली, १४ मार्च २००४ रोजी ती जाहीर झाली, आणि आज रूबीजेम्स डॉट ऑर्ग या एकाच सार्वजनिक कोठारातून जगभरचे लोक विनामूल्य माल उचलतात. संकेतस्थळे बांधण्याचे एक रेल्स मागवले की त्याच्या मागोमाग रॅक येतो, नोकोगिरी येतो, आणि मध्यम आकाराच्या कामाची यादी बघता बघता शंभरावर जाते. ही यादी आवृत्तीच्या आकड्यांसह जेमफाइल डॉट लॉक नावाच्या दप्तरात नोंदलेली असते. त्यातील एखादी आवृत्ती कोठारात सापडली नाही तर बंडलर नावाचा शिरस्तेदार सबंध प्रकरण तहकूब ठेवतो. नोकोगिरी तर पूर्वी घरी आणल्यावर आपल्याच संगणकावर घडवावा लागे, आणि त्याचे घडणे इतके सावकाश चाले की तेवढ्यात पेणला जाऊन पोह्याचे पापड घेऊन यावे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. करोनामुळे मी पुण्याची खोली सोडून गावी येऊन बसलो होतो, आणि वादळाने वीज नेली, मोबाइलचे मनोरे मुके केले. पुढे वीज परतली तरी इंटरनेटची धार इतकी बारीक होती की एकेक जेम ठिबकत येई आणि अर्ध्यावर प्राण सोडी. त्याच काळात आमच्या माळ्यावर आत्याची आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, निर्धास्त उभी होती. मृगापूर्वी भरलेला तांदूळ, डाळी, आमसुले, चिंचेचे गोळे, मीठ, मसाला, सोडे, जवळा, बोंबील, प्रत्येकाचा डबा आपल्या जागी. बाजार बंद, रस्त्यावर झाडे आडवी, आणि तरीही तिच्या चुलीचा एक दिवस खाडा झाला नाही. मी मात्र पुण्याहून येणाऱ्या तगाद्यांना केवळ वादळाची वर्णने धाडीत होतो. पाऊस कधी लागायचा हे आपल्या हाती नसले तरी डबे कधी भरायचे हे असते, एवढी अक्कल ज्या घरात पिढ्यानपिढ्या नांदत होती, त्या घरातील सुशिक्षित मनुष्यानेच मात्र रोजचा शिधा सातासमुद्रापलीकडून रोज आणवावा, हे मला बरे दिसेना.

जेमांची आगोट भरण्यास जेमस्टॅश नावाचा प्रोग्राम आहे. तो बंडलर सांभाळणाऱ्या मंडळींनीच लिहिला. एक जुना डेस्कटॉप माळ्यावर तांदळाच्या कणगीशेजारी मांडून मी त्याच्या स्थापनेस लागलो, तेव्हा असे ध्यानात आले की जेमस्टॅश स्वतःच एक जेम असून पुमा, सिनात्रा, सिक्वेल अशा इतर जेमांच्या लवाजम्यावाचून तो उठत नाही. सबब, दूरच्या कोठारावर विसंबावयाचे नाही म्हणून नेमलेला कोठावळा त्याच दूरच्या कोठारातून बोलवावा लागला. रुजू झाल्यावर मात्र त्याचा कारभार चोख आहे. तो ९२९२ क्रमांकाच्या पोर्टवर बसतो. लॅपटॉपने जेम मागितला की प्रथम आपल्या डिस्कवर पाहतो, नसल्यास रूबीजेम्सकडून आणवतो, एक प्रत आपल्यापाशी ठेवतो आणि मग माल देतो. ती प्रत डिस्क भरेपर्यंत कायमची. कोणता जेम कोणत्या जेमावर अवलंबून आहे, या यादीवर मात्र त्याचा विश्वास अर्धाच तास टिकतो. अर्ध्या तासानंतर कोणी विचारल्यास तो पुन्हा वरिष्ठांकडे चौकशी करतो. मालावर भरवसा निरंतर आणि कागदावर अर्धा तास, असा कारकून मला सरकारी कचेरीत कधी भेटला नाही. तार पुरतीच तुटली तर ही चौकशी व्यर्थ ठरते, म्हणून चालू कामाचे जेम त्या कामाच्याच फोल्डरात बांधून ठेवायचे आणि बंडलरला ‘बाहेर पाहू नकोस’ अशी ताकीद द्यायची, अशीही तरतूद आहे. ती मी करून ठेवली आहे, कारण पोकलेनचा चालक कोणाचीच चौकशी करीत नाही.

आत्याने या नव्या बिऱ्हाडाची दखल घेण्यास फार वेळ लावला नाही.

“हे खोकं रात्रंदिवस घुरघुरतं, करतं तरी काय रे?”

“साठवून ठेवतं, आत्या.”

“कोणासाठी?”

“माझ्यासाठी.”

“आणि मागतं कोण?”

“मीच.”

तिने कणगीवरचे झाकण नीट केले आणि म्हणाली, “मग उठून घ्यायला काय होतं?”

ज्या कचेरीत पन्नास माणसे एकच जेम मागतात आणि बाहेर खेप मात्र एकच होते, तेथे अशा सर्व्हरचा फायदा आकड्यांनी दाखवता येतो. एका मनुष्याने आपल्याच मागण्या आपल्याच माळ्यावर सादर करून त्या मंजूर करून घ्याव्यात, यात मात्र काहीसा संस्थानी थाट आहे, हे मी मान्य करतो. माळ्यावर प्लग नसल्याने सर्व्हरची तार स्वयंपाकघरातील बोर्डावर उतरवली आहे, आणि तेथे मिक्सरचा हक्क जुना असल्यामुळे, खोबऱ्याचे वाटण चालू असताना माझे संस्थान खालसा होते.

तरीही हा खटाटोप वायफळ नव्हे. मार्च २०२१ मध्ये माइममॅजिक नावाच्या एका सामान्य जेमाने जगभर हाहाकार उडवला. फाइल कोणत्या जातीची हे ओळखणे, एवढेच त्याचे काम. परंतु त्यात वापरलेल्या एका माहितीफाइलचा परवाना कडक असल्याचे निदर्शनास येताच कर्त्याने जेमाचा परवाना बदलला आणि जुन्या आवृत्त्या कोठारातून उठवल्या. रेल्स त्यावर अवलंबून होते. दप्तरात नोंद ०.३.५ ची आणि कोठारात ०.३.५ नाही, अशी अवस्था होऊन ठिकठिकाणची कामे खोळंबली. रेल्सच्या मंडळींनी घाईने नव्या आवृत्त्या काढून तो आधारच दूर केला. ज्यांच्या घरी जुनी प्रत होती त्यांचे काम चालू राहिले. परवान्याचा प्रश्न घरात प्रत आहे म्हणून सुटत नाही, तो निराळा सोडवावा लागतो. पण तो स्वस्थपणे सोडवता आला. त्याही आधी, जानेवारी २०१३ च्या अखेरीस खुद्द रूबीजेम्समध्ये घुसखोरी झाली, तेव्हा इतरत्र ठेवलेल्या प्रतींशी एकेक जेम ताडून पाहून मालात भेसळ नसल्याची खात्री करण्यात आली. मध्यवर्ती कोठाराची अब्रू त्या वेळी दुसऱ्यांच्या साठ्यांनी राखली.

परंतु आगोटीस कीड लागते, हेही आत्यानेच शिकवले. ऑगस्ट २०१९ मध्ये कोणी एका देखभालकर्त्याचे खाते बळकावून रेस्ट-क्लायंट या जेमाची १.६.१३ ही विषारी आवृत्ती चढवली. ती उघडकीस आल्यावर कोठाराने काढून टाकली. मात्र ज्याने ती तत्पूर्वी आपल्या साठ्यात उतरवून घेतली असेल, त्याच्या डिस्कवर ती सुखाने नांदत राहणार, कारण जेमस्टॅश एकदा आणलेले टाकत नाही. म्हणून आत्या तांदूळ उन्हात घालते त्या दिवशी मीही बंडलर-ऑडिट चालवून, नोंदलेल्या आवृत्त्या ज्ञात दोषांच्या यादीशी ताडतो. तिचे काम लवकर आटोपते आणि तिला किडा डोळ्यांनी दिसतो, हा अन्याय आहे.

गणपतीस कोकणात जाणाऱ्या वाचकांपैकी कोणी रूबीत काम करीत असेल आणि महामार्गाच्या कृपेने जित्यापाशी अडकून पडला असेल, तर त्याने निःसंकोच घरी यावे. चहा मिळेल, आणि ९२९२ क्रमांकाच्या पोर्टवर लागतील ते जेम मिळतील. मात्र फोन चार्ज करण्यासाठी स्वयंपाकघरातील बोर्डावरचा कोणताही प्लग परस्पर काढू नये. तो अधिकार आत्याने राखून ठेवला आहे.